सोळा वेळा वर्गमूळ

"सर, तुम्ही कधी न मोजताच मनाने आकडा लिहून टाकलाय का?"

प्रश्न माझा नव्हता, पैज मात्र मी घेतली होती. शाळेच्या बसमध्येच माझ्या मैत्रिणींपैकी लंबीने ठरवून टाकलं होतं की तिथे जो कोणी आपल्याला माहिती देईल त्याला हे विचारायचं, सगळ्यांसमोर, आणि विचारताना हसायचं नाही; जमलं तर परतीला खिडकीची जागा. टकळी म्हणाली, "ही विचारेल की. हिला हल्ली कशाची भीती वाटते?" ते "हल्ली" मला इतकं आवडलं की मी पुढचं काही न ऐकता हो म्हणून बसले. कारण खरंच, हल्लीच. मागच्या वर्षीपर्यंत मी हजेरीला "हजर" म्हणायचे तेसुद्धा बाईंना दोनदा विचारावं लागायचं. कुणीतरी एकदा विचारलं होतं, तुझे बाबा काय करतात, आणि मी पुटपुटले होते, "हवा मोजतात," तर वर्गातल्या मागच्या दोन रांगा नुसत्या लोळल्या होत्या. त्यानंतर आठवडाभर कुणी ना कुणी माझ्यासमोर फुंकर मारायचं आणि विचारायचं, किती भरली गं. आता तेच कुणी विचारलं तर मी म्हणेन, तुझ्या डोक्यातून वाहणारी मोजायची असेल तर भोक पाडावं लागेल. म्हणेन काय, म्हणालेच होते गेल्या महिन्यात, आणि लोळणाऱ्या रांगा बदलल्या होत्या.

तर आम्ही इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत उभ्या होतो. समोर लाकडाचा एक लांबलचक पोकळ डबा, मधला भाग काचेचा, टोकाला माणसाहून उंच पंखा. ह्याला ते वाऱ्याचा बोगदा म्हणतात. माहिती देणारे सर म्हातारे, निळ्या डगल्यातले, आणि हातातली बारीक चकचकीत नळी त्यांनी अशी धरली होती की टकळीने आल्याआल्याच त्यांचं नाव बासरीवाले ठेवलं. मला मात्र ती नळी बघून हसू आलं नाही, कारण ती मला ओळखीची होती. काटकोनात वाकलेली, पुढे गोलसर नाक, नाकाला समोर एक भोक, आणि मागे अंगावर सुईने टोचल्यासारखी बारीक भोकं. पिटो नळी. तसलीच एक आमच्या कपाटावर फ्लॅनेलच्या तुकड्यात गुंडाळून ठेवलेली असते आणि तिला धूळ पुसायलासुद्धा आई हात लावत नाही. बाकीच्या मुली काचेवर नाकं टेकवून पंख्याकडे बघत होत्या आणि मी मनातल्या मनात त्या नळीला म्हणत होते, काय गं, तू इथे पण.

वर्गाच्या बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की आता बसमध्ये माझी खैर नाही. पण सर रागावले नाहीत. त्यांनी नळी हळूच टेबलावर ठेवली. "मनाने नाही लिहिला," ते म्हणाले, "मनाने लिहिणाऱ्याला निदान माहीत तरी असतं की आपण काय केलं. मी त्याहून वाईट केलंय." मग त्यांनी खिशातून जाड पेन काढलं आणि बोगद्याच्या काचेवरच लिहिलं, शंभर. त्याच्याखाली लिहिलं, चार. "हे दोन ठिकाणचे दाब. एक मधला, वारा जोरात. एक कडेचा, वारा मेलेला. दाबाचं वर्गमूळ काढलं की त्यातून वेग मिळतो. बरोबर? आता दोन्ही मिळून वारा किती, हे काढायचंय. मी तरुण होतो, घाई होती. मी आधी सरासरी केली. बावन्न. मग मूळ. सात पूर्णांक दोन. सुंदर आकडा." त्यांनी तो आकडा लिहिला आणि त्याला गोल केला. "आता नीट करू या. शंभराचं मूळ दहा. चाराचं दोन. त्यांची सरासरी सहा." सहाला त्यांनी गोल केला नाही. "मोजमाप अगदी चोख होतं. नळी सरळ होती. एकही आकडा खोटा नव्हता. आणि उत्तर खोटं होतं. दोन वर्षं ते एका इमारतीत राहिलं. कुणालाच कळलं नाही, कारण हवा दिसत नाही."

मुलींनी टाळ्या वाजवल्या. का वाजवल्या कोण जाणे, बहुतेक ते बोलायचे थांबले म्हणून. लंबीने मला दंडाला चिमटा काढला, "जिंकलीस, खिडकी तुझी." मी हसले असणार, कारण टकळी नंतर म्हणाली, तू केवढी शहाण्यासारखी हसत होतीस. मला फक्त एवढं आठवतं की गुडघ्यांच्या मागच्या बाजूला, जिथे कधी काहीच होत नाही अशा जागी, एकदम गार झालं. मी काचेकडे बघत होते. बावन्न, सात पूर्णांक दोन. मी असंच करते. मी तर सहा महिने असंच करतेय.

परतीच्या बसमध्ये खिडकी माझी. मी बोट बाहेर काढलं. बस सिग्नल सोडून निघाली की बोटाच्या पुढच्या बाजूला वारा येऊन बसतो आणि बाजूंनी नुसता पळून जातो, हे मला बाबांनी शिकवलेलं. मी लहान असताना नाही, ह्याच उन्हाळ्यात. त्यांच्या हाताखालचा माणूस काम सोडून गेला होता आणि बाबांनी नुकतंच स्वतःच्या नावाने काम घ्यायला सुरुवात केली होती, तेव्हा आई म्हणाली, ही बसलीये घरात पाय पसरून, हिला न्या. मग मी बाबांच्या शिडीच्या पायथ्याशी. पत्र्याचा मोठा चौकोनी डक्ट, म्हणजे इमारतीत हवा खेळवणारी वाट, त्याला ड्रिलने पाडलेली चार भोकं, प्रत्येक भोकातून नळी चार ठिकाणी थांबवायची, म्हणजे सोळा. प्रत्येक ठिकाणी आकडा स्थिर व्हावा म्हणून बाबा मनातल्या मनात वीसपर्यंत मोजायचे आणि मगच आकडा बोलायचे. आधीच्या मालकाने त्यांना ह्याच वीसपायी काढून टाकलं होतं. तो म्हणायचा, तुम्ही हवा मोजता की श्राद्ध घालता. मी खाली वहीत लिहायचे. पहिल्याच दिवशी मी विचारलं होतं की ही नळी बिचारी एवढीशी, हिला कळतं कसं. बाबांनी शिडीवरूनच सांगितलं, "समोरच्या भोकाशी वारा येऊन थांबतो, म्हणून ते भोक त्याचं ढकलणं ऐकतं. बाजूची भोकं नुसतं त्याचं असणं ऐकतात. ढकलण्यातून असणं वजा केलं की उरतं धावणं." मी म्हटलं, "बाबा, तुम्ही हे कुणाला सांगू नका, लोक म्हणतील कविता करतो." ते इतके हसले की सहावा आकडा परत घ्यावा लागला.

"ए, बोट आत घे, कापलं जाईल," लंबी म्हणाली. मी आत घेतलं. तिने मग विचारलं की काय झालं, आणि मी म्हटलं काही नाही, बस लागतेय. मला बस कधी लागत नाही. सबंध वर्गाला माहीत आहे.

कॅल्क्युलेटरचीच चूक आहे, असं मी पुढच्या दोन सिग्नलांमध्ये ठरवलं. बाबांचा कॅल्क्युलेटर माझ्याहून वयाने मोठा. त्याचं वर्गमुळाचं बटण अडकतं. नखाने दाबून, थोडं उजवीकडे सरकवून, मग सोडायचं, आणि तरी पाचातून एकदा ते लागतच नाही. बाबा रात्री जेवणाआधी सोळाच्या सोळा मुळं काढत बसायचे, जीभ ओठांवर ठेवून, आणि मग त्यांची सरासरी. एका रविवारी मी वही ओढून घेतली. "सोळा वेळा कशाला ते बटण छळायचं? आधी सगळे दाब मिळवू, सोळाने भागू, मग एकदाच मूळ." बाबा म्हणाले, "असं चालतं का?" आणि मी म्हणाले, मला माझा आवाजसुद्धा आठवतो, खणखणीत, वर्गात कधी न लागलेला, मी म्हणाले, "चालायला काय झालं? गणित आहे ते." त्यांनी विश्वास ठेवण्याआधी दोन जुन्या कामांचे आकडे दोन्ही पद्धतींनी काढून पाहिले. बाबांनी बिनतपासणीचं काही केलेलं माझ्या पाहण्यात नाही. फरक आला तो अगदी शेवटच्या घरात. ते डक्ट लांब आणि सरळ होते, आत वारा शहाण्या मुलासारखा सगळीकडे सारखा चालत होता. मग बाबांनी चष्मा काढला, माझ्याकडे पाहिलं, आणि आईला हाक मारली, "अगं, बाईसाहेबांनी आपलं अर्धं काम कमी केलं." तेव्हापासून मी बाईसाहेब. तेव्हापासून वही माझी. आणि वर्गात मी पहिल्यांदा हात वर केला तो त्याच सोमवारी, हे कुणालाच माहीत नाही. लोकांना वाटतं, वय झालं, आली धिटाई. नाही. ती त्या वहीतून आली. आणि आता बसमध्ये बसल्या बसल्या मला वाटत होतं की कुणीतरी येऊन म्हणणार, चल, आवाज परत दे.

तरीही तीन कामं सरळ डक्टांची होती, ती ठीक असणार. पण चौथं. चौथं म्हणजे पावडरची खोली. औषधाच्या कारखान्यात एक लहानशी खोली आहे, तिथे तीन बायका दिवसभर पांढरी पावडर वजन करून पिशव्यांत भरतात, आणि त्यांच्या टेबलांच्या वर एक मोठी पत्र्याची टोपी आहे, ती उडालेली पावडर ओढून घेते. ती किती ओढते ते आम्ही मोजलं होतं. बाबांच्या स्वतःच्या नावाचं पहिलं मोठं काम. छत बुटकं होतं, सरळ डक्ट मिळेना, म्हणून भोकं पाडावी लागली ती अगदी वळणाला लागून. आकडे वेड्यासारखे येत होते. एका बाजूला भरभरून, दुसऱ्या बाजूला जवळजवळ काहीच नाही. म्हणजे शंभर आणि चार. सरांनी काचेवर लिहिले तेव्हा मला आधी ते आकडे दिसलेच नाहीत, मला तो डक्ट दिसला, आतून, त्याच्या आतल्या कोपऱ्यात मेलेला वारा.

त्या खोलीत एक बाई होत्या, त्यांच्या पापण्या पांढऱ्या होत्या. पावडरने. मी मनात त्यांना पापणीमावशी म्हणत होते. त्यांनी मला बसायला स्टूल दिलं आणि विचारलं, "एवढीशी पोर, आणि तू लिहितेस का हे?" मग त्या खोकल्या, तोंडावर कोपर धरून, बराच वेळ, आणि खोकला संपल्यावर आपल्यालाच हसल्यासारखं करून म्हणाल्या, "आता जाईल ना गं हा?" मी वहीतून मान वर न काढता सांगितलं, "शंभर टक्के." मला काय गरज होती शंभर टक्के म्हणायची. ऐंशी म्हटलं असतं. काहीच म्हटलं नसतं. आणि परवा जेवताना बाबा किती खुशीत सांगत होते की कारखान्याच्या व्यवस्थापकांनी आपला मोजणीचा, सही केलेला कागद फळ्यावर लावलाय, आणि आता त्या खोलीत ते जाड, घुसमटवणारे मास्क लागत नाहीत, आपल्या कागदाच्या भरवशावर. "पुढच्या आठवड्यात त्यांच्या नव्या इमारतीचं काम आपल्याला," ते म्हणाले, आणि आईने नुसतंच त्यांच्या ताटात आणखी भात वाढला, म्हणजे ती फार खूश होती.

घरी आले तेव्हा आई मशीनवर होती. ती कपडे उंचीला कमी-जास्त करून देते, आणि तोंडात नेहमी चार टाचण्या असतात, म्हणून तिचं बोलणं दुपारभर ओठांच्या एकाच कोपऱ्यातून येतं. "कशी झाली सहल?" "वारा होता." "बरं." मी फाइल काढली. वही काढली. कॅल्क्युलेटर काढला. स्वयंपाकघराच्या टेबलावर बसले, उठले, पाणी प्यायले, बसले. टकळीचा फोन आला, तो घेतला नाही. पेन्सिलीच्या मागच्या टोकाने बटण दाबलं, उजवीकडे सरकवलं, सोडलं. एक. परत. दोन. तिसऱ्याला लागलं नाही, म्हणून पहिल्यापासून. मला अशी घाई झाली होती की पायाची बोटं चपलेत वळवळत होती, आणि तरी मी प्रत्येक मूळ काढण्याआधी वीसपर्यंत मोजत होते. का मोजत होते ते विचारू नका, इथे काही स्थिर व्हायचं नव्हतं. सोळा मुळं. बेरीज. भागिले सोळा. गुणिले एक पूर्णांक एकोणतीस, मुळाचा वेग करणारा बाबांचा नेहमीचा आकडा. सात पूर्णांक एक.

फळ्यावरच्या कागदावर आठ पूर्णांक सहा होतं, सेकंदाला इतके मीटर. किमान हवं होतं आठ.

मी परत काढलं. सात पूर्णांक एक. मग मी असा एक विचार केला की मला अजून त्याची लाज वाटते. शेवटची चार मापं घेताना बाबांचा खांदा भरून आला होता आणि नळी मी धरली होती. वाटलं, मी ती वाकडी धरली असेल. नळी वाऱ्याला तिरकी धरली की दाब कमी दाखवते. म्हणजे खरा वारा जास्त असेल. म्हणजे सात पूर्णांक एक खोटं असेल, आणि आठाच्या वर जाईल, आणि कुणालाच काही सांगावं लागणार नाही. मी वेंधळी असावी अशी इच्छा मी जन्मात एवढी कधी केली नव्हती. लहानपणापासून ग्लास पाडणारी, दाराला धडकणारी मी, नेमका त्याच दिवशी वेंधळेपणा कसा नाही केला. पण नळीच्या बाहेरच्या दांड्यावर एक छोटा बाण असतो, नाक जिकडे तिकडे बाण, आणि बाबा खाली उभे राहून दर मापाला त्या बाणाकडे बघत होते. "थोडं डावीकडे. हं. आता हलू नकोस." मी हलले नव्हते.

मग मी खिडकीशी गेले. समोरच्या गच्चीवर वाळत घातलेली चादर फुगत होती आणि बसत होती. मी काहीच बोलले नाही तर काय होईल, हे मी नीट, ओळीने, विचार करून पाहिलं. बाबांना नवं काम मिळेल. मी पुढच्या वेळी मुकाट्याने सोळा मुळं काढेन, म्हणेन, सराव म्हणून. कागद फळ्यावर पिवळा पडेल. बासरीवाल्या सरांसारखं मी कधीतरी म्हातारपणी काचेवर लिहून दाखवेन, आणि मुली टाळ्या वाजवतील. त्यांनी सांगितलं नव्हतं की त्या इमारतीत दोन वर्षं कोण बसत होतं. आणि आम्ही कुणीच विचारलं नव्हतं. मला एकाएकी त्यांचा फार राग आला, आणि मग कळलं की राग त्यांचा नाही. पापणीमावशी ह्या घडीला त्या खोलीत होत्या. मास्कशिवाय. साडेपाचला सुटतात. घड्याळात चार वाजून दहा.

बाबा पाचला आले. चपला काढता काढता त्यांना टेबल दिसलं, फाइल दिसली. "काय बाईसाहेब, आज न सांगताच ऑफिस उघडलंत?" मी म्हटलं, "बसा." आईने आतून विचारलं, कोण आलं, आणि मी म्हटलं, "तूपण ये. टाचण्या काढून ये." माझा आवाज ऐकून ती खरंच टाचण्या काढून आली.

मी वही त्यांच्यासमोर सरकवली. आधी लिहिलं. शंभर. चार. एका बाजूला बावन्न आणि सात पूर्णांक दोन. दुसऱ्या बाजूला दहा, दोन आणि सहा. बाबांनी चष्मा लावला. ते हळू वाचतात. मी त्यांच्या बोटाकडे बघत होते, ते सातावर थांबलं, सहावर गेलं, परत आलं. मग त्यांनी स्वतःहून पावडरच्या खोलीचं पान उलटलं आणि माझी सोळा मुळं एकेक करत पाहिली. स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता आणि आईने उठून तो बंद केला.

"वळण होतं तिथे," बाबा शेवटी म्हणाले. "हो." "मला विचारायला हवं होतं." "तुम्ही विचारलं होतं. मीच म्हणाले, गणित आहे ते."

"सही माझी आहे," ते म्हणाले. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, काचा वर करून, जसा ते कधीच ठेवत नाहीत. "नवी इमारत जाईल बहुतेक."

आई म्हणाली, "जाऊ दे," आणि मग, जरा खालच्या आवाजात, "लगेच जाईल असंही नाही."

"बघतो मी," बाबा म्हणाले. "सोमवारी जाऊन बोलतो. तू ह्यात नको पडूस. पोर आहेस, त्यांना वाटेल मी पोरीवर ढकलतोय." ते माझ्याकडे बघत नव्हते आणि मला कळलं की ते मला वाचवतायत, आणि असं वाचलं की सोमवारी वर्गात मी परत दोनदा विचारल्यावर "हजर" म्हणणारी होणार. गुडघ्यांमागे परत गार झालं. तिथेच वारा येऊन थांबल्यासारखं. मी उभी राहिले. मला बसून बोलता येईना.

"सोमवारी नाही," मी म्हणाले. "आज. कारखाना साडेपाचला सुटतो, तुम्ही आत्ता व्यवस्थापकांना फोन लावा आणि सांगा की उद्या सकाळी त्या खोलीत मास्क घातल्याशिवाय कुणी बसायचं नाही. का, ते मी सांगणार. फोन माझ्या हातात द्या. सही तुमची असली तरी मूळ मी काढलंय. उद्या मी शाळेत जाणार नाही, तुमच्याबरोबर येणार. त्यांनी टोपीच्या पंख्याचा वेग वाढवला की सोळाही जागा परत मोजायच्या, वीस-वीस मोजून. तिथे एक बाई आहेत, त्यांना मी शंभर टक्के म्हटलं होतं, त्यांच्याशीही मला बोलायचंय. आणि वही माझ्याकडेच राहणार, बाबा. ती मी देणार नाही. फक्त ह्यापुढे मी काढलेलं तुम्ही तपासायचं, आणि तुम्ही विचारलंत, असं चालतं का, तर मी आधी बघून येईन आणि मग बोलेन. आणि आई, नवा कॅल्क्युलेटर आणायचा नाही. मी ह्याच्यावरच काढणार आहे. सोळा वेळा."